लपविलेला हात, दुमडलेला पाय : युद्धविनोदाच्या टिकण्याचा प्रश्न

१९१७ साल. अमेरिका नुकतीच महायुद्धात उतरली आहे. बागेतल्या बाकावर दोन धडधाकट, रिकामटेकडी माणसे बसली आहेत. सैन्यभरती करणारा सार्जंट समोरून येताना दिसताच दोघेही घाईघाईने आपला एकेक हात कोटात दडवतात आणि थोटे असल्याची बतावणी करतात. ही बतावणी अर्थातच उघडकीस येते आणि लवकरच दोघेही गणवेशात दिसतात. स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी यांच्या 'पॅक अप युवर ट्रबल्स' या चित्रपटाचा आरंभ असा आहे. हॅल रोच यांच्या निर्मितिसंस्थेचा, जॉर्ज मार्शल आणि रेमंड मॅकॅरी यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट सप्टेंबर १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. चित्रपटांना वाणी लाभून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. कथेतले युद्ध संपून चौदा वर्षे लोटली होती, परंतु त्या युद्धात खरोखरच हात गमावलेली माणसे अमेरिकेच्या रस्त्यांवर हिंडत होती. चित्रपटगृहांतही बसत असली पाहिजेत. दोन लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक त्या युद्धात जखमी झाले होते.

आज तो प्रसंग पाहणाऱ्याला हसू येते. ते का येते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जुना विनोदी चित्रपट 'आजही टिकून आहे' असे म्हणताना आजही हसू येते एवढाच पुरावा दिला जातो. हास्य अनैच्छिक असल्यामुळे तो पुरावा निर्णायकही वाटतो. शोकात्मिकेच्या बाबतीत प्रेक्षक स्वतःची फसवणूक करून घेऊ शकतो, प्रतिष्ठेखातर हलल्यासारखे दाखवू शकतो. हसण्याच्या बाबतीत ती सोय तितकीशी नसते. तथापि या पुराव्यात एक मोठी फट आहे. लपविलेला हात पाहून आजच्या प्रेक्षकाला हसू येते ते विनोद टिकला म्हणून, की वेदना टिकली नाही म्हणून? तुटलेल्या हाताची किंमत ज्याच्या घरात कोणीच मोजलेली नाही, त्याला त्या हातावरचा विनोद स्वस्तात मिळतो. स्वस्तात मिळालेल्या हास्यावरून कृतीची गुणवत्ता ठरवायची काय, असा हा पेच आहे. तो सौंदर्यशास्त्रीय आहे तितकाच नैतिकही आहे.

परंपरेत या पेचाची बीजे सापडतात. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाचे विभाव सांगताना विकृत वेष, धार्ष्ट्य, असंबद्ध बडबड यांच्या जोडीला 'व्यंगदर्शन' हाही विभाव सांगितला आहे. शरीरातील न्यून पाहून माणूस हसतो, ही वस्तुस्थिती भरताने नोंदवली. तिची लाज बाळगली नाही. विदूषकाचे रूप वर्णितानाही तो बुटका, कुबडा, दंतुर, टक्कल पडलेला असावा अशीच अपेक्षा आहे. ॲरिस्टॉटलनेही हास्यास्पदाचे मूळ दोषात आणि कुरूपतेत शोधले, मात्र एक अट घातली: तो दोष वेदना देणारा किंवा विनाशक नसावा. वेडावाकडा मुखवटा हसवतो, कारण मुखवट्याला दुखत नाही. हे दोन विचार शेजारी ठेवले की लपविलेल्या हाताची गंमत लक्षात येते. ते व्यंग तर आहे, परंतु खोटे आहे. भरताचा विभाव आणि ॲरिस्टॉटलची अट दोन्ही एकाच वेळी पूर्ण होतात. प्रेक्षकाला थोट्या माणसाला हसायचे नसते; थोटेपणाचे सोंग आणणाऱ्या, दोन्ही हात शाबूत असलेल्या माणसाला हसायचे असते.

पण येथे थांबले तर विनोदाचा अर्धाच भाग हाती लागतो. सोंग आणण्यासाठी या दोघांनी थोटेपणच का निवडावे? कारण सैन्याला सबंध शरीर हवे असते. शरीर सबंध असल्याखेरीज ते युद्धावर जात नाही आणि युद्धावर गेल्याखेरीज ते त्या विशिष्ट रीतीने अपुरे होत नाही. जे नंतर व्हायचे ते आधीच होऊन गेल्याचे भासवले तर ते होण्याचे टळते, असे हे साधे गणित आहे, आणि ते बिनचूक आहे. अभिनवगुप्ताने हास्याचे मूळ अनौचित्यात दाखविले. या प्रसंगातले अनौचित्य मात्र बाकावरच्या दोघांच्या वर्तनात कमी आणि त्या वर्तनाला शहाणपण ठरविणाऱ्या व्यवस्थेत अधिक आहे.

येथे १९३२ च्या उन्हाळ्याची आठवण करणे अपरिहार्य आहे. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९२४ च्या कायद्याने जादा मोबदला मंजूर झाला होता. परंतु बहुतेकांना तो हाती पडायचा होता १९४५ साली. मंदीत बेकार झालेले हजारो माजी सैनिक तो आत्ताच द्यावा म्हणून वॉशिंग्टनमध्ये येऊन राहिले. २८ जुलै १९३२ रोजी जनरल मॅकार्थर यांच्या हुकमतीखाली घोडदळ, पायदळ आणि रणगाडे आणून त्यांना हुसकावण्यात आले. त्यांच्या झोपड्या जळाल्या. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत हा चित्रपट पडद्यावर आला. त्यात या घटनेचा संकेतही नाही आणि तो कोणी शोधू नये. पण त्या शरद ऋतूत लपविलेल्या हाताला हसणाऱ्या प्रेक्षकाला खरा हात सरकारला देणाऱ्यांचे काय झाले हे ठाऊक होते. आजच्या प्रेक्षकाला ते सांगावे लागते. सांगितल्यावर त्याचे हसू थांबते का? थांबत नाही, उलट त्याला धार येते. ही बाब महत्त्वाची आहे. विसरलेली वेदना परत आणून ठेवल्यावरही जो विनोद उभा राहतो, किंबहुना तिच्यावर पोसला जातो, तो नुसत्या विस्मरणाच्या आधाराने जगलेला नव्हे. टिकण्याची अशी एक कसोटी येथे सुचते, आणि उरलेल्या चित्रपटाला ती लावून पाहणे उचित ठरेल.

छावणीतील कचऱ्याचा प्रसंग सर्वपरिचित आहे. स्वयंपाकघरातील उष्ट्याखरकट्याचे डबे कोठे न्यायचे, असे हे दोघे आचाऱ्याला विचारतात. आचारी वैतागून, उपरोधाने, जनरलकडे न्या म्हणतो. ते नेतात. पुढे बॅंकेतही हेच घडते. एका बालिकेच्या हितासाठी त्यांना पैसे हवे आहेत. आपल्या खाद्यपदार्थांच्या गाडीवर कर्ज मागायला ते जातात. असला व्यवहार करायला आपण बेशुद्धच असायला हवे, असे बॅंकेचा अधिकारी हसत हसत सांगतो. तेवढ्यात एक अर्धपुतळा त्याच्या डोक्यावर पडतो आणि तो खरोखर बेशुद्ध होतो. अट पूर्ण झाली. दोघे तिजोरीतून पैसे घेतात.

बेर्गसाँने १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात जिवंतावर चढलेल्या यांत्रिकतेला हास्याचे उगमस्थान मानले आणि हास्य म्हणजे अशा ताठर माणसाला समाजाने केलेली शिक्षा, असे प्रतिपादन केले. वरवर पाहता लॉरेल आणि हार्डी हे या सिद्धान्ताचे शाळकरी उदाहरण आहे: शब्द आला की कृती होते, मधे बुद्धी नाही. परंतु शिक्षा कोणाला होते हे पाहिले की सिद्धान्त डगमगतो. आज्ञा मिळताच विचार न करता ती पाळणे हा सैन्याच्या दृष्टीने दोष नाही. ते तर सैनिकाचे शिक्षण आहे. हे दोघे त्या शिक्षणात नापास झालेले नाहीत, ते गरजेपेक्षा जास्त गुणांनी उत्तीर्ण झाले आहेत. जनरलच्या भोजनगृहात कचऱ्याचे डबे पोचतात ते आज्ञाभंगामुळे नव्हे, आज्ञापालनामुळे. येथे हास्य यांत्रिक व्यक्तीला समाजाकडे परत आणत नाही. यांत्रिक समाजाला त्याचीच आज्ञा परत करते. कोणी म्हणेल, हाशेकच्या श्वेकने दहा वर्षांपूर्वीच हे करून ठेवले होते. ते खरे आहे, आणि श्वेक निःसंशय मोठा आहे. फरक इतकाच की श्वेकच्या मूर्खपणाविषयी वाचकाला अखेरपर्यंत संशय राहतो. त्या भोळेपणामागे एक डोळा मिचकावला जात असावा असे वाटते. स्टॅनच्या बाबतीत असा संशय कधीच येत नाही. म्हणून श्वेकला पाहून अधिकारी चिडतो ते समजण्यासारखे असते, आणि स्टॅनला पाहून चिडणारा अधिकारी आपल्याच आज्ञेवर चिडलेला असतो.

युद्धभूमीचे प्रसंग मात्र कसोटीला उतरत नाहीत. ताबा सुटलेला रणगाडा काटेरी तारांचे जाळे ओढत निघतो आणि जर्मन सैनिकांची तुकडी त्यात सापडून कैद होते, हा चित्रपटातील वीरकृत्याचा भाग. तांत्रिकदृष्ट्या तो नेटका आहे. पण काटेरी तार त्या युद्धात कशासाठी होती आणि तिच्यावर माणसे कशी लोंबकळून मेली, हे आठवताच त्यातील गंमत पातळ होते. ती न आठवण्यावरच अवलंबून होती. चॅप्लिनने 'शोल्डर आर्म्स'मध्ये १९१८ सालीच, युद्ध अद्याप संपले नसताना, चिखल, उवा आणि पाण्यात बुडालेली झोपायची जागा यांतून हास्य काढले होते. तो चित्रपट खंदकाची माहिती घेऊन हसतो. हा चित्रपट खंदकाचा देखावा उभारून हसतो. शीर्षकही उसनेच आहे. चिंता थैलीत कोंबून हसत चला, अशा आशयाचे ते १९१५ मधील ब्रिटिश कूचगीत. त्याला चाल देणाऱ्या फेलिक्स पॉवेलने पुढे १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, स्वतःच आपले आयुष्य संपविले. चित्रपटाशी याचा संबंध नाही, गाण्याशी आहे.

या युद्धात एडी स्मिथ हा त्यांचा मित्र मरतो. पत्नी सोडून गेलेली, आईवडिलांशी विवाहामुळे बेबनाव झालेला, मागे एक लहान मुलगी. तिला तिच्या आजीआजोबांकडे पोचवायचे असे हे दोघे ठरवतात, आणि चित्रपटाचा उत्तरार्ध न्यूयॉर्कमध्ये स्मिथ नावाचे कुटुंब शोधण्यात जातो. इंग्रजीभाषक जगात याहून सामान्य आडनाव मिळणे कठीण. विनोदाच्या दृष्टीने हा भाग सैल आहे. चुकीच्या स्मिथांच्या दारांवरची फजिती पुन्हापुन्हा येते आणि दरवेळी थोडी कमी हसवते. अनेक समीक्षकांना ही भावुकता खटकली आहे. तरीही हा भाग वगळून चित्रपटाचा विचार करता येत नाही. इतर सर्व आज्ञा या दोघांना वरून मिळतात आणि ते त्या शब्दशः पाळून सर्वनाश करतात. ही एकच जबाबदारी त्यांना कोणी दिलेली नाही. ती त्यांनी स्वतः उचलली आहे. तीही ते त्याच अक्षरशः वृत्तीने पार पाडू पाहतात, एकेका स्मिथच्या दारावर जाऊन, पण येथे त्या वृत्तीला निष्ठा म्हणावे लागते. एकच स्वभाव छावणीत मूर्खपणा ठरतो आणि मित्राच्या पश्चात सद्गुण. स्वभाव बदललेला नाही. आज्ञा देणारा बदलला आहे.

याच भागात चित्रपटातील सर्वांत सुंदर प्रसंग येतो. स्टॅन मुलीला निजवण्यासाठी गोष्ट सांगू लागतो. हळूहळू गोष्ट मुलगीच सांगू लागते, आणि अखेर स्टॅन झोपी जातो. या प्रसंगाला वरची कसोटी लावायला गेले तर ती लागतच नाही. येथे परत आणून ठेवण्याजोगी कोणतीही विसरलेली वेदना नाही, ना कोणाची किंमत चुकविली गेली आहे. हे हास्य इतिहासाला बांधलेले नाही, म्हणून त्याचे टिकणे हा प्रश्नही फारसा उद्भवत नाही. कोणत्याही कसोटीला तिच्या कक्षेबाहेरचे असे काही असावे, हे बरेच आहे.

'बॉनी स्कॉटलंड' या १९३५ च्या चित्रपटाचा विचार भारतीय प्रेक्षकाला टाळता येणार नाही. जेम्स हॉर्न यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात हे दोघे वारसा मिळेल या आशेने स्कॉटलंडला जातात, चुकून पलटणीत भरती होतात आणि पलटणीबरोबर हिंदुस्थानात येतात. त्याच वर्षी गाजलेल्या 'द लाइव्ह्ज ऑफ अ बेंगॉल लान्सर'चे हे विडंबन, आणि दोन्हींतला हिंदुस्थान कॅलिफोर्नियात उभारलेला. येथे वेदना कोणाची विसरली गेली हे सांगण्यासाठी दुसऱ्या कोणाला बोलवावे लागत नाही. प्रेक्षक स्वतःच त्या बाजूचा असतो. पगडी घातलेला कपटी टोळीप्रमुख, त्याचे बिनचेहऱ्याचे अनुयायी, आणि अखेरीस मधमाश्यांच्या तडाख्यात सापडलेले सारेजण. विडंबन करणाऱ्याने साम्राज्याच्या शौर्यकथेची टर उडविली, पण तिच्यातला शत्रू जसाच्या तसा उचलून ठेवला. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाने त्या शत्रूला हसावे यासाठी त्याने आधी स्वतःला विसरायला हवे. हा भाग टिकलेला नाही, असे स्वच्छ म्हणावे.

त्याच चित्रपटात पलटण कवायत करीत चालली आहे आणि स्टॅनचे पाऊल चुकते आहे. शेजारच्याचे पाऊल त्याच्याशी जुळते, मग त्याच्या शेजारच्याचे, आणि थोड्याच वेळात सबंध पलटण स्टॅनच्या चुकीच्या पावलावर चालू लागते. हा विनोद साम्राज्य आठवल्यावर मरत नाही, वाढतो. कवायतीच्या मैदानावर शिक्षा म्हणून कचरा वेचायला लावलेले दोघे बॅंडच्या सुरांवर वेचता वेचता नाचू लागतात, तेही तसेच. तेव्हा एकच कृती एका भागात टिकते आणि दुसऱ्या भागात टिकत नाही, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. कृतीला सबंध एकक मानून तिच्यावर काळाचा निकाल मागणाऱ्या समीक्षेला हे अडचणीचे वाटेल. विनोदी चित्रपट मुळात प्रसंगांची माळ असतो, याचा विसर पडल्याने ती अडचण निर्माण होते.

खरी अडचण 'ब्लॉक-हेड्स' उपस्थित करतो. हा १९३८ चा, जॉन ब्लायस्टोन यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट. १९१७ मध्ये स्टॅनला खंदकावर पहारा ठेवून तेथेच थांबायला सांगण्यात येते. युद्ध संपते, सगळे घरी जातात. स्टॅनला कोणी सांगत नाही. एकवीस वर्षे तो येरझारा घालतो. पायाखालची जमीन खोल झिजली आहे, शेजारी बीन्सच्या रिकाम्या डब्यांचा डोंगर साचला आहे. वरून जाणाऱ्या विमानावर तो गोळ्या झाडतो आणि वैमानिकाकडून त्याला युद्ध संपल्याचे कळते. पुढे सैनिकांच्या आश्रमात ऑली त्याला भेटायला येतो. स्टॅन चाकाच्या खुर्चीत एक पाय असा दुमडून बसला आहे की तो नाहीच असे वाटते. ऑली गहिवरतो, त्याला उचलून मोटारीकडे नेऊ लागतो. दोन्ही पाय असल्याचे अखेर लक्षात आल्यावर तो संतापून विचारतो की आधी का सांगितले नाही, आणि स्टॅनचे उत्तर असते की त्याने विचारलेच नाही. १९३२ मध्ये युद्ध टाळण्यासाठी हात लपविला होता. सहा वर्षांनी कोणताही हेतू नसताना पाय नाहीसा झाला. या दुसऱ्या प्रसंगात प्रेक्षक ज्याला हसतो ती ऑलीची करुणा आहे, आणि हसताना ती खोटी ठरत नाही. ॲरिस्टॉटलच्या अटीचा इतका सूक्ष्म उपयोग फार थोड्यांनी केला असेल.

खंदकाचे काय? १९७४ च्या मार्चमध्ये फिलिपीन्समधील लुबांग बेटावर हिरू ओनोदा हा जपानी अधिकारी शरण आला. दुसरे महायुद्ध संपून एकोणतीस वर्षे होत आली होती. पूर्वीच्या वरिष्ठाने प्रत्यक्ष येऊन आज्ञा मागे घेतल्याखेरीज तो हटायला तयार नव्हता. मधल्या काळात त्याच्या आणि त्याच्या साथीदारांच्या हातून बेटावरची अनेक निरपराध माणसे मारली गेली होती. 'ब्लॉक-हेड्स' पाहणाऱ्या आजच्या प्रेक्षकाला ओनोदा ठाऊक असेल, तर विमानावर झाडलेल्या गोळ्या त्याला पूर्वीसारख्या ऐकू येणार नाहीत. न्यूरेंबर्गच्या खटल्यांनंतर 'आज्ञा होती' हे वाक्यही पूर्वीसारखे ऐकू येत नाही. १९३८ चा प्रेक्षक अशक्य कोटीतल्या निष्ठेला हसला. ती शक्य होती, घडली, आणि तिने माणसे मारली.

वरची कसोटी येथे सरळ उत्तर देत नाही. ही वेदना विसरलेली नाही. ती चित्रपटानंतर घडलेली आहे. ती आठवल्यावर हसू मरत नाही आणि वाढतही नाही. ते येते आणि मधेच वेगळे काहीतरी होते. मराठीत वस्तू 'टिकते' तशी 'मुरते'ही. टिकण्यात ती होती तशी राहणे अभिप्रेत असते. मुरण्यात ती राहते ती बदलून, आणि बदल घडविणारे घटक नेहमीच तिचे स्वतःचे नसतात. झिजलेल्या पायवाटेचे ते दृश्य मुरले आहे. तेथे आता जे जाणवते त्याला हास्यरस म्हणावे की नाही, याचा निर्णय भरताच्या स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित या सहा भेदांच्या आधारे करता येत नाही. ते सर्व भेद हसण्याच्या प्रमाणाचे आणि हसणाऱ्याच्या प्रकृतीचे आहेत. त्यांत हसणाऱ्याच्या माहितीचा विचार नाही. रसव्यवस्थेत सहृदयाला संस्कार असतात. त्याला वर्तमानपत्र नसते. आधुनिक प्रेक्षकाचा विचार करणाऱ्या मीमांसेला ही उणीव कोठेतरी भरून काढावी लागेल.

'पॅक अप युवर ट्रबल्स'च्या शेवटी योगायोगाने सर्व सुरळीत होते. ज्याच्या बॅंकेतून पैसे घेतले तोच मुलीचा आजोबा निघतो, चोरी माफ होते, दोघांना जेवायला थांबण्याचे निमंत्रण मिळते. तेव्हा त्या घरचा स्वयंपाकी समोर येतो. तो छावणीतला आचारी असतो. जनरलकडे न्या, असे तो एकदा उपरोधाने म्हणाला होता, आणि जनरलने विचारल्यावर या दोघांनी त्याच्याकडे बोट दाखविल्यामुळे कोठडीत गेला होता. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याने केवळ एक विनोद केला होता. तो सुरी घेऊन त्यांच्या मागे धावतो आणि चित्रपट संपतो. आचाऱ्याची ही भूमिका दिग्दर्शक जॉर्ज मार्शल यांनी स्वतः केली आहे.